काळी टरफलं

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं कोणी केलं तर त्याला निदान माफी असते. बोलून गेलं माणूस, काय करणार. पण नूतन खोब्रागडेनं तसं केलं नव्हतं. तिनं आदल्या दिवशी तयारी केली होती, चंद्रपूरहून येताना पिशवीत लोहचुंबक आणलं होतं, आणि बोडीटोल्याच्या समाजमंदिरात बचत गटाच्या चौदा बायांसमोर, शिवाय स्वतःच्या आईसमोर, शब्द तोलून सांगितलं होतं की कुंताबाई पचारेनं टरफलात भेसळ केली. त्याला आता अडीच महिने झाले होते. नूतन पुन्हा बोडीटोल्याच्या बसमध्ये बसली होती, आणि बस कुठंतरी पंक्चर व्हावी असं तिला मनापासून वाटत होतं. अशा वेळी बस कधी पंक्चर होत नाही. तालुक्याचं कुरखेडा आलंसुद्धा.

काय घडलं ते आधी सांगायला हवं.

नूतन म्हणजे बोडीटोल्याच्या हरिदास पोस्टमनची मुलगी. बाप गेला तेव्हा ती बारावीला होती. आई सत्यशीला, तिनं धानाच्या रोवणीला जाऊन, शाळेत खिचडी शिजवून पोरीला शिकवलं. पोरगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि चंद्रपूरच्या एका कॉलेजात पीएच.डी.ला लागली. चंद्रपुरात बाहेरच्या हवेबद्दल सगळेच बोलतात. टपरीवाला कपाची बशी बोटानं पुसून काळं बोट दाखवतो आणि मग त्याच बशीत चहा देतो. नूतनचं काम मात्र घरातल्या हवेचं होतं. नवं प्लायवूड, नवा रंग, चकचकीत लॅमिनेट, यांच्यातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू सुटत राहतो, कधीकधी वर्षानुवर्षं. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि पुढचे आजार वेगळेच.

हे तिला पुस्तकातून माहीत होतं, पण पटलं ते दिव्यानीमुळे. दिव्यानी ही कुंताबाईची मुलगी. पोलीस भरतीचा अभ्यास करायला रोज सायकलनं बसथांब्यापर्यंत आणि तिथून कुरखेड्याच्या अभ्यासिकेत जायची. अभ्यासिका नवीकोरी, प्रत्येकाला प्लायवूडचा वेगळा कप्पा, वर एसी, म्हणून खिडक्या बंद. ‘ताई, दोन तास बसलं का डोळ्यातून पाणी वाहते,’ दिव्यानी एकदा म्हणाली होती. ‘माय म्हणते, अभ्यासाले गेली होती का रडाले?’ नूतन हसली, आणि नंतर बराच वेळ तिला ते हसू टोचत राहिलं. त्या पोरीच्या डोळ्यांसाठी काहीतरी करायचं असं तिनं तेव्हाच ठरवलं होतं. म्हणजे सुरुवात चांगलीच होती. सुरुवातीला कोणाची नियत खोटी नसते.

उपाय तसा सोपा. कुठलंही टरफल, भुसा, बांबू, हवा न लागू देता बंद भट्टीत भाजायचा. जो कोळसा होतो त्याच्या अंगाला इतकी बारीक छिद्रं पडतात की चिमूटभर कोळशाच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर पाव एकराचं वावर झाकलं जाईल. वायू त्या छिद्रांत शिरतो आणि अडकतो. पण नुसता अडकून काय उपयोग? छिद्रं भरली की संपलं. कोळशाच्या आत असं काहीतरी हवं जे त्या वायूला तिथल्या तिथं फोडून त्याचं पाणी आणि साधा वायू करून टाकेल, आणि स्वतः तसंच राहील. त्याला उत्प्रेरक म्हणतात. त्यासाठी लोक प्लॅटिनम वापरतात, आणखी काय काय वापरतात. नूतनला आपल्या भागातलं काहीतरी हवं होतं.

सत्यशीला डोळे तपासायला चंद्रपूरला आली तेव्हा एका पोत्यात शिंगाड्याची वाळलेली काळी टरफलं घेऊन आली. शिंगाडा गावच्या बोडीतला, म्हणजे तळ्यातला, तो काढणारा कुंताचा नवरा डोमा. उकडून, सोलून, वाळवून त्याचं पीठ विकणारी कुंता. टरफलांचा ढीग तिच्या घरामागं पडूनच असायचा. ‘कुंतानं पाठवलं,’ आई म्हणाली. ‘म्हणे, माझ्या पोरीच्या डोळ्यासाठी करून राह्यली ना नूतन, तर लागन तेवढं ने.’

त्या पोत्यानं कमाल केली. नूतननं कोळसा केला, काचेच्या नळीत भरला, वायू सोडला. शंभरातले नव्वद भाग गायब. दुसऱ्या दिवशी तेच. महिन्यानंतरही तेच. कुठलाही धातू न घालता नुसता कोळसा हे करतो, हे ऐकून तिचे मार्गदर्शक राजदीप सर खुर्चीतून उठले. ‘धातूविरहित उत्प्रेरक’ असं ठळक नाव देऊन दोघांनी शोधनिबंध लिहिला, तो परदेशातल्या नियतकालिकात छापून आला, आणि त्याच्या जोरावर एक सरकारी प्रकल्पही मिळाला. निबंधात पद्धत लिहायची असते. नूतननं लिहिलं: ‘शिंगाड्याची कच्ची टरफलं स्वच्छ पाण्यानं तीनदा धुऊन.’ ती कच्ची होती का, हे तिनं कुंताला विचारलं नाही. टरफल काळं का, हेही विचारलं नाही. लहानपणी कुंताच्या अंगणात बसून काळे शिंगाडे खाल्ल्यामुळं हात काळे करून शाळेत जाणारी आणि गुरुजींची छडी खाणारी हीच पोरगी, पण शिंगाडा काळाच असतो असं ती धरून चालली. ज्या वस्तूवर माणूस लहानाचं मोठं झालं, तिच्याबद्दल कोण प्रश्न विचारतो?

प्रकल्पात ठरलं की बोडीटोल्याच्या बचत गटाच्या बायांनी टरफलं द्यायची, गावातच छोटी भट्टी लावून कोळसा करायचा, आणि तो भरलेली, हवा शुद्ध करणारी पेटी दिव्यानीच्या अभ्यासिकेत बसवायची. गटाच्या अध्यक्ष नीलाबाई. चौदा बायांनी चौदा पोती दिली. सगळ्यात मोठं पोतं कुंताचं, आणि त्याचं तोंड शिवताना तिनं वर लाल दोऱ्याची गाठ मारली होती. प्रत्येक पोत्यातल्या थोड्या टरफलांचा कोळसा नूतन चंद्रपूरला तपासायला घेऊन गेली. सरकारी फॉर्ममध्ये एक रकाना होता, शुद्धतेचा. त्यासाठी म्हणून तिनं पुड्यांवरून लोहचुंबक फिरवलं. तेरा पुड्यांत काही नाही. चौदाव्या पुडीतली पूड उडून चुंबकाला चिकटली.

लोखंड! धातूविरहित म्हणून ज्याचं नाव झालं, त्याच्यात लोखंड. नूतनच्या डोक्यात संताप गेला. तिला वाटलं, वजन वाढवायला लोहाराकडचा कीस मिसळला. आणि मिसळला कोणी, तर कुंताकाकूनं. जवळच्या माणसाचा राग जास्त येतो, हे आपलं साऱ्यांचंच आहे. पण राग आला तर एकटीला विचारायचं. नूतनला वाटलं, सगळ्यांसमोर दाखवलं तर बाकीच्यांनाही धाक बसेल.

म्हणून ते समाजमंदिर. सतरंजीवर चौदा कागद, चौदा चिमट्या काळी पूड. नूतननं एकेक कागदावरून चुंबक फिरवलं. बाया कौतुकानं बघत होत्या, जणू जादूचा खेळ. चौदाव्या कागदावरची पूड चुंबकाला केसाळ होऊन लटकली तेव्हा कोणीतरी हसलंसुद्धा.

‘हे लोखंड आहे,’ नूतन म्हणाली. ‘टरफलात लोखंड नसतं. हे कोणीतरी मिसळलेलं आहे. ही पुडी कुंताबाई पचारेंची.’

‘काकू’ नाही म्हणाली ती. ‘कुंताबाई पचारे’ म्हणाली.

कुंतानं पदर नीट केला. ‘मी काई नाई मिसळलं वो नूतन. मी कायले मिसळू?’

म्हातारी मंगली मागून बोलली, ‘अवो बाई, तिची ते कढई...’

‘मावशी, थांबा. चुंबक खोटं बोलत नाही,’ नूतन म्हणाली.

चुंबक खोटं बोलत नव्हतंच. बोलत होती ती. पण हातात चुंबक होतं, पाठीमागं शिक्षण होतं, आणि समोर अशा बाया होत्या ज्यांना वाटत होतं की हिला आपल्यापेक्षा जास्त समजतं. सत्यशीलालाही तेच वाटलं, म्हणून आईसुद्धा गप्प राहिली. कुंताचं पोतं परत दिलं गेलं. प्रकल्पाच्या अहवालात नूतननं स्वतःच्या हातानं ओळ लिहिली: ‘कुंता डोमा पचारे यांच्या मालात भेसळ आढळल्यानं त्यांना पुरवठ्यातून वगळण्यात आले.’ अहवालाची प्रत नीलाबाईच्या फाइलीला लागली.

नंतर काय झालं ते नूतनला आईच्या फोनवरून तुकड्यातुकड्यानं कळत होतं. कुरखेड्याच्या बाजारात कोणी तरी म्हणालं, कुंताच्या शिंगाड्यात लोखंड राहते. मग गिऱ्हाइकं दुसऱ्या टोपलीकडे वळू लागली. दिव्यानी अभ्यासिकेत जायची बंद झाली, कारण तिथल्या पेटीवर नूतनचं नाव होतं आणि पोट्ट्या विचारत होत्या, तुझ्या मायनंच भेसळ केली का वो? डोमा हरिदास पोस्टमनच्या घरावरून जाणारी वाट सोडून बांधावरून जायला लागला. नूतन हे ऐकायची आणि म्हणायची, ‘आई, मी काय करू? तिनं तसं करायला नको होतं.’

आणि मग पेटी चालली नाही.

तेरा पोत्यांचा कोळसा भरलेली पेटी अभ्यासिकेत घरघर करत राहिली आणि मुलांच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. मोजणीचं यंत्र पहिल्या आठवड्यात जे दाखवत होतं तेच चौथ्या आठवड्यात. नूतननं भट्टीचं तापमान बदललं, पाणी बदललं, रात्रीचा दिवस केला. काही नाही. शेवटी एका सकाळी तिनं कपाटातून जुनी बरणी काढली. पहिल्या पोत्यातला उरलेला कोळसा तिनं शकुनाचा म्हणून जपून ठेवला होता. टेबलावर चुंबक पडलं होतं. तिनं बरणीतली चिमूट कागदावर टाकली आणि, का कोण जाणे, चुंबक जवळ नेलं.

पूड उडाली आणि चिकटली.

नूतन खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर. पहिलं पोतंही कुंताचंच होतं. धातूविरहित काही नव्हतंच. सगळी कमाल त्या लोखंडाची होती.

तिनं आईला फोन लावला. ‘आई, कुंताकाकू शिंगाडे कशात उकडते?’

‘कशात म्हंजे? तिच्या सासूच्या लोखंडी कढईत,’ सत्यशीला म्हणाली. ‘वरून मूठभर हिरडा टाकते. त्यानंच तर टरफल काळंभोर होते अन् सुटते पटकन. बाकीच्या साऱ्या जर्मनच्या गंजात, ॲल्युमिनियमच्या भांड्यात उकडतात, हलका राहते म्हणून. हे तर साऱ्या गावाले माहीत आहे.’

‘मग मला कोणी सांगितलं का नाही?’

‘मंगली सांगतच होती,’ आई म्हणाली. ‘तूनंच तिले थांबवलं.’

हिरड्याचा तुरटपणा कढईतलं लोखंड सोडवतो आणि टरफलाच्या कणाकणात नेऊन बसवतो. प्रयोगशाळेत महागडी रसायनं वापरून जे इतकं बारीक जमत नाही, ते एक बाई पंचवीस वर्षं आपल्या चुलीवर करत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण नूतननं तर तो कळसा चोरीचा म्हणून ओरडा केला होता. लाज वाटते असं आपण सहज म्हणतो. नूतनला त्या दिवशी लाज जेवू देईना. आरशात केस विंचरताना तिनं मान खाली घातली ती घातलीच.

राजदीप सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘हे तर उत्तमच झालं. नवा निबंध लिहू. लोहयुक्त कार्बन, नवी पद्धत. जुन्या निबंधाला हात लावायची गरज नाही. महिन्यावर तुझी तोंडी परीक्षा आहे. आता चूक कबूल केलीस तर सगळं अडकेल. आणि त्या बाईला जाऊन सॉरी म्हण, काहीतरी घेऊन जा.’

म्हणून नूतन बसमध्ये होती, मांडीवर साडीची पिशवी होती, आणि त्या साडीचीही तिला लाज वाटत होती.

दुपारी ती कुंताच्या अंगणात गेली. डोमा जाळं विणत बसला होता, तिला पाहून उठला आणि आत गेला. कुंतानं खाट टाकली. ‘बसा जी मॅडम,’ म्हणाली.

मॅडम! हिच्या मांडीवर बसून नूतननं शिंगाडे खाल्ले होते. ‘पोरी’, ‘माय’, ‘नूतन’ यांशिवाय त्या तोंडून तिनं दुसरी हाक ऐकली नव्हती.

चुलीवर नवाकोरा जर्मनचा गंज होता. कढई दिसत नव्हती. नूतननं नजर फिरवली तेव्हा ती भिंतीपाशी सापडली, पालथी, एका बाजूनं विटेवर टेकवलेली, आणि तिच्याखालून कोंबडीची पिल्लं चिवचिवत होती.

‘काकू, चूक माझी होती,’ नूतननं एका दमात सांगितलं. कढईचं, हिरड्याचं, पहिल्या पोत्याचं, सगळं. ‘तुम्ही काही मिसळलं नव्हतं. मी खोटा आळ घेतला.’ पिशवी तिनं खाटेवर ठेवली.

कुंतानं पिशवीकडे पाहिलं, आत काय आहे ते पाहिलं नाही. ‘म्हंजे माझ्या कढईनंच ते होत होतं?’

‘हो.’

‘अन् दिव्यानीचे डोळे त्यानंच बरे झाले असते?’

‘हो काकू.’

कुंतानं चुलीतलं लाकूड आत सारलं. रडली असती तर बरं झालं असतं, शिव्या दिल्या असत्या तर त्याहून बरं. ‘मॅडम, एक विचारू?’ ती म्हणाली. ‘तुमी बोलल्या होत्या चौदा जणीत. मग चूक एकटीत काऊन सांगून राह्यल्या?’



‘त्या नीलाबाईच्या फाइलीत माझं नाव आहे,’ कुंता म्हणाली. ‘दिव्यानीनं वाचून दाखवलं. जल्मात माझं नाव एकदाच कुठी लिवून आलं, कागदावर, अन् ते बी असं.’ मग तिनं साडीची पिशवी उचलली आणि नूतनच्या हातात परत दिली. रागानं नाही, विसरलेली वस्तू द्यावी तशी. ‘हे न्या. आईले द्या.’

नूतन घरी आली आणि जेवली नाही. सत्यशीलानं आग्रहही केला नाही, हेच तिला जास्त लागलं. ‘मी बी तिथीच होती,’ आई म्हणाली. ‘मी बी बोलली नाई. तुले समजते असं वाटलं मले.’ एवढं बोलून तिनं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, गटाची बैठक. सकाळी नूतन बोडीच्या पाळीवर, बांधावर, जाऊन बसली, कारण गावात मोबाइलला रेंज तिथंच येते. शिंगाड्याचा हंगाम संपला होता, पाण्यावर वेलींचे सडके तुकडे तरंगत होते. तिनं नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. पहिल्यांदा लिहिताना हात आपोआप ‘असे आढळून आले’ असं लिहीत होता, जणू चूक कोणी केलीच नाही, ती पावसासारखी आपली येऊन पडली. तिसऱ्यांदा तिनं ‘मी’ असं लिहिलं. प्रकल्पाच्या अहवालाची दुरुस्ती लिहिली. परीक्षा पुढं जाईल, कदाचित वर्षभर, कदाचित निबंधच मागं घ्यावा लागेल, हे तिला माहीत होतं. सर चिडतील, हेही. पाठवायचं बटण दाबलं तेव्हा तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. ती तशीच समाजमंदिरात गेली.

तीच सतरंजी. त्याच बाया. कुंता दाराशी बसली होती, आत यायला कोणी म्हटलं नव्हतं आणि तीही आली नव्हती. दिव्यानी तिच्या बाजूला. सत्यशीला आज मागं न बसता पुढं येऊन बसली.

नूतन उभी राहिली. ‘मागच्या वेळी मी इथं उभी राहून खोटं बोलले,’ ती म्हणाली, आणि पिशवीतून चुंबक काढलं. पहिल्या पोत्यातली जुनी पूड कागदावर टाकून तिनं चुंबक फिरवलं. पूड चिकटली. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मग तिनं कागदावर मराठीत उतरवून आणलेलं पत्र वाचून दाखवलं.

‘या कार्बनमध्ये धातू नाही असं मी लिहिलं होतं, ते चूक आहे. त्यात लोखंड आहे आणि सगळं काम त्या लोखंडाचं आहे. ते बोडीटोला, तालुका कुरखेडा इथल्या कुंता डोमा पचारे यांच्या लोखंडी कढईतून, हिरडा टाकून शिंगाडे उकडण्याच्या त्यांच्या पद्धतीतून आलं. मी त्यांना विचारलं नाही. नंतर त्यांच्याच टरफलांत लोखंड दिसलं तेव्हा मी त्यांच्यावर भेसळीचा आळ घेतला. तो खोटा होता. ही पद्धत त्यांची आहे.’

आधी मंगलीच बोलली. ‘मी म्हणतच होती, कढई.’

‘हो मावशी. मीच तुम्हाला बोलू दिलं नाही.’

नीलाबाईनं फाइल काढली. भेसळीची ओळ असलेला कागद बाजूला केला आणि ती नूतनच्या हातातून नवा कागद घेऊ लागली. तेवढ्यात दारातून कुंता म्हणाली, ‘थांबा जी. माझं नाव आहे ते पुन्हा वाचा.’

नूतननं वाचलं. कुंता डोमा पचारे यांच्या लोखंडी कढईतून.

‘पुन्हा.’

नूतननं पुन्हा वाचलं. या वेळी कुंताचे ओठ बरोबर हलत होते. मग ती म्हणाली, ‘दिव्यानीले द्या. तिले सोताच्या डोळ्यानं वाचू द्या.’ दिव्यानीनं कागद घेतला, वरून खालपर्यंत वाचला, आणि नूतनकडे न बघता नीलाबाईच्या हातात दिला. नूतनला तिच्या नजरेची जेवढी भीती वाटत होती, त्याहून ते न बघणं अवघड गेलं.

बैठक मोडली. ‘आत बसाची होती वो कुंता,’ असं दोघीतिघी म्हणाल्या, आता म्हणायला सोपं होतं. कुंता घराकडे निघाली आणि नूतन मागोमाग, चार पावलं अंतर ठेवून. अंगणात पोचल्यावर कुंता वळली.

‘कढई पायजे असन तुमाले.’

नूतनचे कान तापले. कारण ते खरं होतं. कढईशिवाय पेटी चालणार नव्हती, अभ्यासिकेतल्या पोरांच्या डोळ्यांचं पाणी थांबणार नव्हतं, आणि माफी मागायला आलेलं माणूस मागणंही घेऊन आलं आहे हे त्या बाईनं केव्हाच ओळखलं होतं. नाही म्हणावं तर पुन्हा खोटं. ‘हो काकू,’ ती म्हणाली. ‘पण तुम्ही द्याल तेव्हा. नाही दिली तरी चालेल.’

‘चालन कसं? दिव्यानीले जाचं आहे ना तिथी.’ कुंता भिंतीपाशी वाकली. कढईच्या कडेतून एक पिल्लू बाहेर डोकावत होतं, त्याला तिनं बोटानं आत सरकवलं. ‘या पिल्लायले मोठं होऊ द्या आधी. आता उचलली तर घार नेईल. मग या अन् इथीच, माझ्या चुलीवर पाहा काय पाहाचं ते. कढई कुठी जाणार नाई.’

‘येईन.’ नूतन तिथंच उभी राहिली. जायला पाय निघेना. मग तिनं, लहानपणी पदर ओढून शिंगाडा मागायची तितक्याच हळू आवाजात म्हटलं, ‘काकू, मॅडम नको म्हणू ना. नूतन म्हण.’

कुंतानं विटेवर टेकलेली कढई नीट केली, हात पदराला पुसले आणि तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता.

‘म्हणीन,’ ती म्हणाली. ‘तोंडात यायले वेळ लागते जी.’